मदत हवी आहे: मेलमधलं 'रिव्हर्ट' आणि असलीच आणखी काही वाक्यं

मंडळी, नाशिकजवळच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्ष निर्यातीची कागदपत्रं बघतो. शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी मेल लिहायला शिकलो ते ऑफिसातले जुने मेल वाचून. परवा नेदरलँड्सच्या खरेदीदाराला सुधारित दर पाठवले आणि खाली लिहिलं, 'प्लीज रिव्हर्ट ऑन द रेट्स'. मला म्हणायचं होतं, काय ते कळवा. त्याने विचारलं, जुनेच दर ठेवायचे का? फोनवर निस्तरलं, पण साहेबांनी ऐकवायचं ते ऐकवलंच.

तेव्हापासून सेंड दाबताना हात थबकतो. यात कुठे चुकतंय?

'वी डिस्कस्ड अबाउट द पॅलेट्स.'
'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स.'
'लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू.'
'काइंडली डू द नीडफुल.'

प्रतिसाद १:
डच गडी चुकला नाही हो. रिव्हर्ट म्हणजे मुळात पूर्वस्थितीला जाणं. 'उत्तर देणं' हा अर्थ भारतात, सिंगापुरात रुळलाय. सरळ 'प्लीज रिप्लाय' लिहा.

बाकी तुमच्या इंग्रजीखाली मराठी आहे. आपण पॅलेट्स'बद्दल' चर्चा करतो, म्हणून अबाउट आला. डिस्कसला तो लागत नाही. 'डिस्कशन अबाउट' मात्र चालतं. तसाच चार वर्षां'पासून'चा सिन्स. सिन्सपुढे सुरुवात हवी, 'सिन्स २०२१'. मुदत सांगायची तर 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स'. तिसऱ्यात 'हिअरिंग' करा. तो टु क्रियापदाचा नाही, 'लुकिंग फॉरवर्ड टु दिवाळी'मधला आहे.

प्रतिसाद २:
'डू द नीडफुल' चूक नाही, जुनाट आहे. आपल्या 'योग्य ती कार्यवाही व्हावी'चं सख्खं भावंड! पण नक्की काय करायचं ते समोरच्याने ओळखायचं का? 'प्लीज सेंड द साइन्ड कॉपी बाय फ्रायडे' लिहा, कॉपी येईल.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. आत्ताच फायटो सर्टिफिकेट (मालावर कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) पाठवतोय. 'प्लीज फाइंड अटॅच्ड हिअरविथ' खोडून 'आय हॅव अटॅच्ड द सर्टिफिकेट' केलंय. दाबू का सेंड?

प्रतिसाद १:
दाबा. पण आधी फाइल खरंच जोडलीय का बघा.