पोकळ ट्यूब जिग हेडवर नीट कशी बसवावी?

गिरणाकाठ (चाळीसगाव):
नमस्कार मंडळी. गिरणा धरणाच्या उथळ कडेला मी मरळीसाठी आजवर रबरी बेडूक वापरत आलो आहे. आता साडेतीन इंची पोकळ ट्यूब (पुढे बंद नाक आणि मागे झालर असलेली मऊ प्लास्टिकची कृत्रिम आमिषे) आणल्या आहेत. गोल डोक्याचे जिग हेड (वजनदार डोके जडवलेला गळ) बाहेरून नाकात घातले, तर काही फेकींतच ट्यूब घसरते आणि झालर गळाच्या वाकाला गुंडाळली जाते. आतून घालायचे म्हटले, तर दोरा बांधायची कडी बाहेर काढताना नाकच फाटते. योग्य रीत कोणती आणि वजन किती घ्यावे?

तापीकाठ (भुसावळ):
भाऊ, ट्यूबसाठी लांबट, नळीसारख्या डोक्याचे वेगळे जिग हेड मिळते, तेच घ्यावे. प्रथम ते ट्यूबच्या शेजारी धरून गळाचे टोक नेमके कुठे बाहेर येईल ते पाहावे. मग डोके पाण्याने ओले करून झालरीच्या बाजूने आत सरकवावे, आणि ते नाकापासून थोडे मागे असतानाच गळाचे टोक भिंतीतून बाहेर काढून उरलेले अंतर पुढे रेटावे. डोके नाकाला आतून टेकले की कडीमुळे प्लास्टिकवर बारीक फुगवटा दिसतो. त्या फुगवट्यावर सुईने एकच छिद्र पाडून अंगठ्याने दाबले की कडी अलगद वर येते. नुसत्या जोराने दाबल्यामुळेच नाक फाटते. कडी आणि गळाचे टोक एका रेषेत आहेत ना, हे मात्र अवश्य तपासावे, कारण तिरकी बसलेली ट्यूब ओढताना फिरते आणि दोऱ्याला पीळ पडतो.

आत वजन ठेवण्याचा खरा लाभ बुडताना मिळतो. दोरा सैल सोडला तर ट्यूब गिरक्या घेत खाली जाते आणि मासा बहुधा त्याच वेळी ती उचलतो, म्हणून फेकल्याबरोबर रीळ फिरवू नये. नजर दोऱ्यावर ठेवावी. उथळ पाण्यात साडेतीन ग्रॅम पुरते. खोल पाणी किंवा वारा असेल तर सात ग्रॅम घ्यावे.

सातपुडा (शहादा):
वरील रीत मोकळ्या, खडकाळ तळासाठी उत्तम आहे. परंतु मरळ बसते ती पाणवनस्पतींत आणि बुडालेल्या बाभळींत, आणि तिथे उघडे टोक प्रत्येक फेकीला अडकते. अशा जागी जिग हेड सोडून ऑफसेट गळ (कडीजवळ दांड्याला बाक दिलेला गळ) घ्यावा आणि त्याचे टोक ट्यूबच्या पाठीत लपवावे. मरळीचा जबडा हाडाचा असल्याने गळाची तार जाड हवी आणि झटका ठाम द्यावा.

बाहेरूनच बसवायची असेल, तर नाक आणि डोके यांच्यामध्ये सुपरग्लूचा एक थेंब लावल्यास ट्यूब घसरत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत ट्यूब ठेवल्या तर त्या मऊ पडून वाकतात आणि वाकडी ट्यूब कितीही काळजीने बसवली तरी सरळ चालत नाही. त्या मूळ पाकिटात, सपाट आणि सावलीत ठेवाव्यात.