थायरॉइडच्या गाठीचा संशय: अर्धी ग्रंथी काढायची की पूर्ण? (नागपूरकरांचा अनुभव धागा)

सुईच्या तपासणीत ‘संशयास्पद’ आलं की धंतोलीत एक डॉक्टर अर्धी म्हणतात, रामदासपेठेत दुसरे पूर्ण. बरेचदा दोघांचंही चुकलेलं नसतं. रोजच्या कामातून जे नेमकं माहीत आहे तेवढं लिहा. ‘माझ्या मावशीचं असं झालं’ इथे नको.

स्लाइडवाला
आधी रिपोर्टमधला बेथेस्डा वर्ग (सुईने काढलेल्या पेशी कशा दिसतात त्यावरून दिलेला एक ते सहा क्रमांक) पाहा. २०२३ च्या आवृत्तीत कॅन्सर निघण्याची सरासरी शक्यता तिसऱ्या वर्गात २२ टक्के, चौथ्यात ३०, पाचव्यात ७४, सहाव्यात ९७ दिली आहे. गोची चौथ्या वर्गाची, म्हणजे फॉलिक्युलर (थायरॉइडच्या नेहमीच्या पेशींच्या) गाठीच्या संशयाची. फॉलिक्युलर गाठ साधी की कॅन्सरची हे सुट्या पेशींवरून कळत नाही. पेशींनी गाठीचं वेष्टण फोडलंय का, रक्तवाहिनीत शिरल्यात का, ते पाहावं लागतं आणि सुईत वेष्टण येत नाही. म्हणून तिथे अर्धी ग्रंथी काढणं हीच तपासणी असते. ‘टेबलावरच फ्रोझन (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून झटपट तपासणी) करून सांगा’ असा आग्रह होतो, पण एवढ्या वेळात सगळं वेष्टण कापून बघणं होत नाही. दुसरं मत घ्यायचं तर नुसता कागद नेऊ नका, लॅबकडून काचेच्या स्लाइड मागून घ्या.

ओटीतला
४ सेंटिमीटरच्या वरचा कॅन्सर, ग्रंथीबाहेर उघड पसरलेला, मानेतल्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) किंवा दूर गेलेला असेल तर पूर्ण. १ सेंटिमीटरच्या आत, एकाच बाजूला असेल तर बहुधा अर्धी पुरते. वाद मधल्या टप्प्याचा. दुसऱ्या बाजूला गाठी आहेत का, लहानपणी मानेला रेडिएशन दिलं होतं का, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, यावर तो सुटतो. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘थायरॉइड’ एवढंच असलं तर मानेच्या बाजू बघायच्या राहून जातात. लसिकाग्रंथींसकट लिहून घ्या.

ऑपरेशनआधी स्वरतंतू दुर्बिणीतून बघून घ्यावेत, आवाज ठणठणीत असला तरी. आवाजाची नस दोन्ही बाजूंना असते. अर्ध्यात एकीलाच धोका, पूर्णमध्ये दोघींना. एक आधीच लुळी असेल आणि दुसरीला धक्का लागला तर श्वासच अडतो, गळ्याला छिद्र पाडावं लागू शकतं.

आणि रक्तातलं कॅल्सिटोनिन (थायरॉइडमधलंच एक हार्मोन) खूप वाढलेलं असेल तर कॅन्सरचा प्रकार मेड्युलरी, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळा, असू शकतो. तो ठरला की बहुतेक पूर्णच, ही चर्चा संपतेच.

वॉर्डातली सिस्टर
पॅराथायरॉइड (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी) साधारण चार, एकेक मसुराच्या दाण्याएवढी, थायरॉइडच्या पाठीला चिकटलेली. पूर्ण काढताना चारींचा रक्तपुरवठा दुखावू शकतो. मग कॅल्शियम उतरतं, बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे कधी कधी घरी पोचल्यावर. ओठांभोवती मुंग्या, बोटांची टोकं बधिर, मग हाताला पेटके. मुंग्या आल्या की लगेच फोन करा, पेटके येईपर्यंत थांबू नका. अर्ध्यात हे क्वचितच होतं.

पहिल्या २४ तासांत मान फुगली, घट्ट वाटली, श्वास लागला तर बेल दाबायची. आत रक्त साचलेलं असू शकतं आणि टाके खाटेवरच उघडावे लागू शकतात.

औषध दुकानवाला, सक्करदरा
पूर्णनंतर थायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) जन्मभर. अंदाज वजनाच्या किलोमागे रोज १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला १०० च्या आसपास. डोस बदलला की सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी). गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत, चहा-पोहे त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियमची गोळी चार तास लांब ठेवा. दोन्ही एकत्र घेतल्या की थायरॉक्सिन नीट शोषलंच जात नाही, आणि मग विनाकारण डोस वाढतो.

आपल्याकडचा मे महिना विसरू नका. बाटली उन्हात लावलेल्या गाडीत नको, कूलरसमोरच्या फळीवरही नको. थायरॉक्सिनला उष्णता आणि दमट हवा दोन्ही बाधतात.

बरोबर उलटंही होतं
‘अर्धी काढली की गोळी नाही’ हे सरसकट खरं नाही. टीएसएच आधीच वरच्या काठावर असेल किंवा अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) पॉझिटिव्ह असेल तर गोळी लागण्याची शक्यता वाढते.

आयोडीनवाली
रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉइड पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन) द्यायचं ठरलं तर आधी उरलेली अर्धीही काढावी लागते, नाहीतर औषध तीच शोषून घेते. आधीचे एक-दोन आठवडे कमी आयोडीनचं जेवण. नेहमीच्या मिठाऐवजी घेतलेल्या सैंधवाच्या पुडक्यावर ‘आयोडीनयुक्त’ छापलेलं नाही ना, वाचा. दूध, अंड्याचा बलक, मासळी बंद. कॉन्ट्रास्टचा (शिरेतून आयोडीनचं औषध देऊन केलेला) सीटी झाला असेल तर ती तारीख सांगा, त्यातलं आयोडीन शरीरात आठवडेच्या आठवडे राहतं. थायरोग्लोब्युलिनचा (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन, कॅन्सर परतलाय का ते पाहायला मोजतात) आकडाही पूर्ण काढल्यावरच चोख वाचता येतो. अर्धी उरली असेल तर तो आकडा तिचाही असतो.

ओटीतला (पुन्हा)
एक राहिलं. संमतीपत्रावर नेमकं काय लिहिलंय ते सहीआधी वाचा. ‘थायरॉइडेक्टॉमी’ एवढंच असेल तर अर्धी की पूर्ण, कोणती बाजू, आणि आत लसिकाग्रंथी संशयास्पद दिसल्या तर त्याच वेळी पूर्ण काढायची का, हे लिहवून घ्या. भूल दिल्यावर ते विचारता येत नाही.