अनुभव धागा: हूंऽऽ, खरखर आणि ऐन वेळी मुके झालेले माईक

कोरेगावकर
परवा लेकीच्या शाळेचं गॅदरिंग होतं, साताऱ्यात. पहिले दोन नाच झाले तोवर काही नाही. मग मुख्याध्यापिका बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागून तो ओळखीचा आवाज. हूंऽऽऽ. बायको म्हणाली, "बसा खाली." मी उठलोसुद्धा नव्हतो हो! नुसती मान लांब करून मिक्सर कुठाय ते बघत होतो.

माझ्या काकांचा मंडप आणि साउंडचा धंदा होता. दहावी ते बारावीच्या सगळ्या सुट्ट्या मी त्यांच्या टेम्पोत काढल्या. त्यातली एक रात्र परवा डोक्यात परत आली. साधारण २००४. गावाची यात्रा, रात्री तमाशा, गण सुरू व्हायला वीस मिनिटं आणि स्पीकरच्या सगळ्या खोक्यांतून हूं. मी दिसेल ती वायर हलवत सुटलो. काकांनी कॉलर धरून बाजूला बसवलं. म्हणाले, "हलवू नको. हलवून गेलेला आवाज हलवल्याशिवाय परत येतो."

मग त्यांनी काय केलं, तर मिक्सरचा मास्टर, म्हणजे सगळ्यांचा मिळून आवाज, पूर्ण खाली घेतला. हूं तसंच. म्हणजे माईक, तबला, पेटी, सगळं निर्दोष. मग अँपच्या तोंडातली पिन काढली. गप्प. म्हणजे अँपही निर्दोष. दोन मिनिटांत उरली मिक्सर ते अँप एवढीच वायर. ती बदलली तरी हूं! मी खूश, म्हटलं आता काका अडकले. ते उठून मिक्सरची लाइट कुठून घेतलीय ते बघायला गेले. मिक्सरला लाइट देवळाच्या बोर्डावरून, अँपला जनरेटरवरून. अर्थिंग दोन ठिकाणची, आणि मधली वायर साधी पी-३८ (पाव इंची) पिनांची, अनबॅलन्स्ड, म्हणजे वरची तारेची जाळी हीच आवाजाची परतीची वाट. दोन अर्थिंगमधला फरक त्या वायरीच्या जाळीतून फिरत होता. लांब एक्स्टेन्शन ओढून मिक्सरलाही जनरेटरवरून लाइट दिली. हूं गेलं. तोवर सोंगाड्या चार वेळा येऊन "झालं का वो?" विचारून गेला होता.

काका जाऊन आता काही वर्षं झाली. तुमचेही असे किस्से असतील तर लिहा. धंद्यातलेच पाहिजेत असं नाही.

मिरजेची_मी
आमच्याकडे हूं आलं तर आधी तंबोऱ्याकडे बघतात 😄 एका घरगुती बैठकीत सासरे अर्धा तास "आज जोडी काय लागलीय" म्हणून माना डोलावत होते. नंतर कळलं की तंबोरे अजून गवसणीत आहेत. तो आवाज स्पीकरचा.

खर्जातला
@मिरजेची_मी सासऱ्यांचा कान वाईट नाही. लाइट ५० हर्ट्झची, आणि खालची पांढरी पाच ४९ ची. म्हणजे महावितरणचा सा पांढरी पाच, किंचित चढा. गाणारीची पट्टी पांढरी पाच असेल तर हूं खपून जातं. काळी चारवाली असेल तर मात्र जीव जातो.

बाकी धाग्यापुरतं: हूं मऊ असेल तर बहुतेक वेळा अर्थिंगची भानगड. खरखरीत घर्र असेल तर १०० हर्ट्झ आणि वरचे सूर मिसळलेले असतात, तेव्हा अँपच्या आतले मोठे कपॅसिटर फुगलेत का बघावं. पण झाकण माहितगारानंच उघडावं. बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो.

तासगावचा_बाप्या
अर्थिंगची तिसरी पिन तोडून हूं घालवणारे हात वर करा 🙋‍♂️

वाईचा_घाट
हात वर नाही करत, पण तो प्रकार जवळनं बघितलाय. गावचा सप्ताह, पावसाळी हवा, मंडपात जमीन ओली. साउंडवाल्या पोरानं दुपारीच अँपची तिसरी पिन पक्कडीनं तोडलेली. हूं गेलं म्हणून सगळ्यांनी शाबासकी दिली. संध्याकाळी बुवा अनवाणी उभे राहिले, अभंगाचं पहिलं चरण घेतलं आणि ओठ माईकला लागला. बुवा मागं मृदंगवाल्याच्या अंगावर. अँपच्या पत्र्यात लाइट उतरत होती. तिला जमिनीत जायला वाट नव्हती, ती माईकच्या जाळीपर्यंत आली आणि बुवांतून गेली. देवाची कृपा म्हणून नुसत्या झटक्यावर निभावलं. बुवांनी दहा मिनिटांनी पाणी पिऊन कीर्तन पुरं केलं, पण माईकपासून वीतभर लांब उभे राहून. शेवटच्या रांगेला एक अक्षर ऐकू गेलं नाही.

तासगावचा_बाप्या
हात खाली घेतला.

खर्जातला
@वाईचा_घाट बापरे. लिहिलंत ते बरं झालं. ज्यांना घाई असते त्यांच्यासाठी: डीआय बॉक्सवर (वाद्य किंवा लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मधली डबी) 'ग्राउंड लिफ्ट'चा खटका असतो तो वापरा. तो सिग्नलच्या वायरीतली एक नंबरची पिन, म्हणजे जाळीची, सोडतो, लाइटीच्या अर्थिंगला हात लावत नाही. नाहीतर मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, त्यातून आवाज जातो पण दोन बाजूंच्या तारा जोडल्या जात नाहीत. तिसरी पिन कधीच तोडायची नाही.

कराडची_सून
भाकरी तव्यावर आहे पटकन लिहिते. आमच्या सोसायटीच्या गणपतीत कॉलर माईक दर पाच मिनिटांनी बंद पडायचा. रिसिव्हर बदलला, वायर बदलली, मोबाइल सगळ्यांचे बंद करायला लावले, एक काका तर म्हणाले टॉवरचा दोष आहे. शेवटी आमच्या ह्यांनी सेल बदलले. घड्याळातले जुने सेल घातले होते कुणीतरी!!! कुणी ते अजून कबूल करत नाही पण मला माहितीये

मिरजेची_मी
@कराडची_सून भाकरी करपली का?

कराडची_सून
एक 😅

फलटणकर
वारीच्या दिवसांत तरडगावाकडे, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं तेव्हा, आम्ही मुक्कामाजवळ रस्त्याकडेनं भोंग्यांची लाइन टाकायचो. हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांची नावं पुकारायला. लांबची लाइन म्हणून १०० व्होल्टची पद्धत: अँपमधनं चढा व्होल्टेज सोडायचा, प्रत्येक भोंग्याला छोटा ट्रान्सफॉर्मर, तो उतरवून घेतो. हिशोब एवढाच की सगळ्या भोंग्यांच्या वॅटची बेरीज अँपच्या आत पाहिजे. २४ भोंगे, प्रत्येकाचा ट्रान्सफॉर्मर साडेसात वॅटच्या टॅपवर (खुणेवर) लावलेला, म्हणजे १८०. अँप २५० चा. सगळं नियमात.

तरी आवाज बारीक आणि अँप तापून लाल. कुठंतरी लाइन बसलीय, म्हणजे शॉर्टसारखं झालंय, हे उघड होतं. पण २४ खांबांवर चढायचं कुणी? आमच्यात एक बारका होता, आयटीआयचा. तो बाराव्या खांबावर चढला, पुढची लाइन सोडली. आवाज खणखणीत! म्हणजे दोष पुढच्या बारात. लाइन परत जोडून मग अठराव्यावर. असं करत पाचव्या चढाईला सापडला. आदल्या दिवशी एका भोंग्याचं युनिट (आवाज काढणारा आतला भाग) जळालेलं, ते बदलताना कुणीतरी ट्रान्सफॉर्मर सोडून वायरी थेट युनिटला पिळल्या होत्या. एक भोंगा सगळी लाइन पीत बसला होता.

तोवर एक आजी आमच्या टेबलाशी बसूनच होत्या. त्यांचं नाव पुकारायला घेतलं तर मागनं आवाज आला, "अगं इथं बसलीस व्हय!" आजोबा दुसऱ्या बाजूच्या टेबलाशी रांगेत होते.

कोरेगावकर
@फलटणकर आजींचा शेवट वाचून हापिसात हसलो. आणि तो बारका काकांच्या जातकुळीचा. निम्मं सोडायचं, निम्मं बघायचं.

घेवडा_प्रेमी
कोरेगावकर तुम्ही कोरेगावचे कुठले? आमची आजी तिकडचीच. यंदा घेवडा कसा आहे

बातमीदार_होतो_कधीकाळी
सांगलीत मोठी राजकीय सभा. पूर्वी आम्ही आपापले रेकॉर्डर पोडियमच्या माईकला चिकटपट्टीनं बांधायचो, वक्त्याचं तोंड दिसत नसे. नंतर 'प्रेस बॉक्स' आला. मिक्सरमधनं एक वायर आत, बाहेर दहा-बारा तोंडं, ज्यानं त्यानं आपली कॅनन पिन (माईकच्या वायरीची तीन काड्यांची) लावायची. चांगल्या बॉक्सात प्रत्येक तोंडाला वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळं एकाची वायर शॉर्ट असली तरी दुसऱ्याला फरक पडत नाही. त्या दिवशीचा बॉक्स घरगुती होता. सगळी तोंडं आत एकमेकांना नुसती सोल्डरचा डाग देऊन जोडलेली. एकानं फाटकी वायर खुपसली आणि बाराजणांच्या कानातला नेता एकदम मुका. मग एकेकानं पिन काढायची, बाकीच्यांनी "आला का?" ओरडायचं. सातव्याला आला. तो सातवा कोण होता ते मी सांगणार नाही.

तासगावचा_बाप्या
तुम्हीच होता 😂

बातमीदार_होतो_कधीकाळी
...

अजून एक सांगतो. माझा आवाज आला, खुशीत सगळं भाषण रेकॉर्ड केलं, परत येऊन ऐकलं तर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत फाटलेला. बॉक्समधनं लाइनचा आवाज येत होता, व्होल्टाच्या घरातला. माझा कॅमेरा 'माईक'च्या खटक्यावर, त्याला मिलिव्होल्टची सवय. खटका अर्धा इंच सरकवायचा राहिला. संपादकांनी जे ऐकवलं ते मात्र अगदी स्वच्छ होतं.

हौशी_नट
विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' सांगलीत केलं तेव्हा हा ताप नव्हता, समया आणि खडा आवाज. आम्ही स्पर्धेला एक नाटक बसवलेलं, दुसऱ्या अंकात संध्याकाळ. दिग्दर्शकाला प्रकाश बरोब्बर निम्मा पाहिजे. डिमर, म्हणजे दिवे कमीजास्त करायचं यंत्र, निम्म्यावर आला की स्पीकरमधनं घर्रर्र. पूर्ण दिवे, आवाज स्वच्छ. अंधार, आवाज स्वच्छ. संध्याकाळ झाली की रातकिडे! परीक्षकांनी तालमीचं कौतुक करताना "ध्वनिसंयोजनातले रातकिडे परिणामकारक" असं लिहिलंय. प्रमाणपत्र अजून आहे. खरं कारण नंतर कळलं, आमची माईकची वायर डिमरच्या वायरींबरोबर एकाच जुडग्यात बांधून पार मागपर्यंत नेलेली. पुढच्या प्रयोगाला वेगळी ओढली, साउंडची लाइट वेगळ्या फेजवरनं घेतली. रातकिडे गेले. बक्षीसही गेलं.

मिरजेची_मी
😂😂😂 हा धागा वाचताना दूध उतू गेलं, खरंच

सांगलीवाडीकर
आमचा किस्सा हसण्यासारखा नाही पण लिहितो. २०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. गोडाऊन तळमजल्याला. अँप वर चढवले, खोकी चढवली, वायरींच्या पेट्या राहिल्या. म्हटलं वायरीला काय होतंय, रबर तर आहे. पाणी उतरल्यावर धुतल्या, पंधरा दिवस उन्हात वाळवल्या, मीटरवर सगळ्या पास. आणि गणपतीत एकेक करून खरखरायला लागल्या. पिना बदलल्या, चार दिवस बऱ्या चालल्या, परत तेच. वैतागून एक वायर मधनं कापली. आतली जाळी हिरवीकाळी. पाणी पिनेतनं शिरून दिव्याच्या वातीसारखं आतल्या आत कितीतरी फूट चढलेलं. वरनं नवी दिसायची. सगळी स्नेक केबल (अनेक माईकच्या वायरी एकत्र असलेली जाड केबल) भंगारात दिली, किलोवर. घेतली तेव्हा बायकोच्या पाटल्या मोडल्या होत्या.

आता वायरी माळ्यावर आणि गाद्या खाली.

कोरेगावकर
@सांगलीवाडीकर काय बोलू. पाटल्या झाल्या का परत?

सांगलीवाडीकर
एक झाली. दुसरी पुढच्या सीझनला.

शांतताप्रिय
तुमचं कौतुक चाललंय पण त्या भिंतीएवढ्या डीजेबद्दल कुणी बोलेल का? आमच्या खिडकीच्या काचा वाजतात. घरात नव्वदीची सासू आहे. रात्री दहाचा नियम कागदावरच.

वाईचा_घाट
@शांतताप्रिय पूर्ण सहमत. पण तो बिघाड साउंडचा नाही, त्याला मीटर लावून उपयोग नाही.

कराडची_सून
कोरेगावकर शाळेतल्या हूंचं पुढं काय झालं?? ते सांगितलंच नाही

कोरेगावकर
हां, ते राहिलं. मुख्याध्यापिकांना पडद्यावर फोटो दाखवायचे होते म्हणून त्यांच्या भाषणाच्या वेळी लॅपटॉपला चार्जर लावलेला. लॅपटॉपमधनं ईपी पिनची (हेडफोनसारखी बारीक) वायर मिक्सरला. मी पाणी प्यायला जातो असं सांगून मागनं गेलो, साउंडवाल्या पोराला विचारून चार्जर काढला. हूं बंद. काय तो रुबाब! काका असते तर पाठीवर थाप मिळाली असती. जागेवर येऊन बसलो. लेकीचा नाच लागला, आणि बरोब्बर दुसऱ्या कडव्याला लॅपटॉपची बॅटरी संपली.

बायको माझ्याकडे बघत नव्हती. तेच जास्त वाईट.

घेवडा_प्रेमी
घेवड्याचं राहिलंच

रहिमतपूर_रोड
आज सगळा धागा वाचला. कोरेगावकर, काकांचा टेम्पो हिरवा होता का? पुढं काचेवर मोराचं पीस लावलेलं?

कोरेगावकर
हो!! तुम्हाला कसं माहीत?

रहिमतपूर_रोड
आमच्या लग्नाला साउंड त्यांचाच होता. कॅसेट अजून आहे. मंगलाष्टकं नाहीत त्यात. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं हूं.

कोरेगावकर
साल कोणतं? मी २००४ च्या आसपास होतो.

रहिमतपूर_रोड
९७ चा वैशाख.

कोरेगावकर
मग मी नव्हतो. आणि काकांचा साउंड असा नसायचा हो, ते हूं व्हिडिओवाल्याच्या वायरीचं असणार.

रहिमतपूर_रोड
तुमच्या काकांनी तेव्हा अगदी हेच उत्तर दिलं होतं.