स्मार्ट सिटीचं मिशन संपलं, पण नदीच्या निर्णयात आपण शिरायचं कसं? (नाशिक)

नासर्डीकाठ: नमस्कार मंडळी. मुंबई नाक्याच्या बाजूला राहते. पावसाळा सोडला तर आमच्याकडे नासर्डी नदीत पाणी कमी आणि सांडपाणीच जास्त. नाशिक 2016 ला केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत निवडलं गेलं तेव्हा लोकसहभागाचं खूप ऐकलं, नंतर मार्च 2025 ला मिशनच संपलं. आम्ही सोसायटीतल्या काहीजणी वेळ द्यायला तयार आहोत, पण नुसती साफसफाई नको, काय बांधायचं काय नाही हे ठरतं तिथे बसायचंय. कुठून सुरुवात करू?

पंचवटीकर: ताई, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. स्मार्ट सिटीची कामं वेगळ्या कंपनीकडून झाली, तिचं संचालक मंडळ वेगळं, त्यामुळे सामान्य माणसाला कळायचं तेव्हा टेंडर निघून गेलेलं असायचं. त्यातल्याच मखमलाबादच्या नगररचना योजनेला, म्हणजे शेतजमिनी एकत्र करून नव्याने आखायच्या योजनेला, शेतकऱ्यांनी एवढा विरोध केला तो उगाच नाही. आणि गोदावरीचं बघा, कुंडांच्या तळात काँक्रीट ओतलं, त्याने जिवंत झरे बुजले हे नदीप्रेमी वर्षानुवर्षं सांगत राहिले, कोर्टात गेले. आधीच काठावरच्या लोकांना विचारलं असतं तर आधी ओता मग काढा ही वेळच आली नसती. माझं स्पष्ट मत आहे, आराखडा कच्चा असतानाच लोक हवेत, नंतरच्या सूचनापेटीला अर्थ नाही.

वॉर्डातला माणूस: कायदा आहे की. शहरांच्या स्थानिक कारभाराची 74 वी घटनादुरुस्ती आणि 2009 चा राज्याचा नगरराज कायदा, त्यात क्षेत्रसभा आहे म्हणजे काही मतदान केंद्रांच्या भागातल्या मतदारांची सभा, गावात ग्रामसभा असते तशी. पण ती भरवतंय कोण? शिवाय मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कितीतरी काळ प्रशासकच होते, मग मागायची तरी कोणाकडे. आता तुमच्या नगरसेवकाला लेखी पत्र द्या, सोसायट्यांच्या सह्या घेऊन, की क्षेत्रसभा लावा आणि नासर्डी हा एकच विषय ठेवा. प्रभाग समितीलाही प्रत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

सातपूरची: त्याआधी एक काम करा, नदीत येणारे नाले चालत जाऊन बघा, फोटो काढा, नकाशावर टाका. वर सातपूर एमआयडीसी आहे. घरगुती सांडपाणी असेल तर महापालिका, कारखान्याचं असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, हे वेगळं केलं नाही तर एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तुमचा अर्ज फिरत राहतो. लोकांना जमतं हो, फाशीच्या डोंगरावर देवराई लोकांनीच उभी केलीय ना. झाडांचंही लक्षात ठेवा, तोडायची नोटीस लागली की हरकतीला दिवस थोडेच मिळतात, लगेच लेखी द्या. 2027 च्या कुंभाची कामं चालू आहेत, त्यासाठी तपोवनातली झाडं तोडायची म्हटल्यावर लोक रस्त्यावर उतरले.

नासर्डीकाठ: खूप आभार सगळ्यांचे. नाल्यांचा नकाशा आधी करतो, मग पत्र. टाकळीला नासर्डी गोदावरीला मिळते त्या संगमापर्यंत काठाने चालत जाता येतं का, की मध्ये रस्ता तुटतो? कोणी गेलंय का?