'सर्कल'ला काय म्हणावं: गट, मंडळ की सर्कलच?

वर्धेकर: मध्य प्रांताच्या १८८३च्या स्थानिक स्वराज्य कायद्यावरचा लेख मराठीत आणतोय. तहसिलीतल्या गावांची 'सर्कलं' पाडायची आणि प्रत्येकातून तहसिलीचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या लोकल बोर्डावर प्रतिनिधी, अशी ती रचना. मी 'गट' लिहिलं. वडील म्हणतात, "गट कायचा? सर्कल म्हन." काय ठेवू?

माजी ग्रामसेवक: गट नको. जिल्हा परिषदेचा गट म्हणजे जिथून मतदार थेट सदस्य निवडतात तो भाग. १८८३च्या सर्कलात साध्या शेतकऱ्याला मत कुठलं? गावोगावचे मुकादम आपल्यातला एक पाठवत.

झाडीपट्टी: मुकादम म्हणजे मजुरांची टोळी नेणारा ना?

माजी ग्रामसेवक: आताचा तो. तेव्हाचा म्हणजे गावचा प्रमुख, बहुधा मालगुजारच, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा जमीनमालक. तो गावात राहत नसला तर त्याच्या वतीनं मुकादम-गुमास्ता. 'गावाचा प्रतिनिधी' लिहिलंत तर वाचकाला सगळ्या गावानं निवडला असं वाटेल. हे टाळाच.

पूर्णाकाठ: हे सगळं नागपूर-वर्धा-भंडारा-चांद्याकडचं. आमच्या वऱ्हाडात मालगुजारी नव्हती. रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याचा सारा थेट सरकारला, आणि गावात पाटील. मुलूख निजामाचा, १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, मध्य प्रांताशी जोडला १९०३ मध्ये. लेखात सरसकट 'विदर्भ' लिहू नका.

शब्दवेडा: 'मंडल'चा मूळ अर्थच वर्तुळ. इतका नेमका शब्द घरात असताना सर्कल कशाला? महसूल मंडळ रूढ आहेच.

झाडीपट्टी: कागदावर. आमच्याकडे मंडळ अधिकारी आला तरी "सर्कल आला" म्हणतात. जागाही सर्कल, माणूसही सर्कल. आजीला तो इंग्रजी शब्द आहे हे सांगूनही पटणार नाही.

शब्दवेडा: मग १९४८ मध्ये लोकल बोर्ड जाऊन 'जनपद सभा' आल्या, तो शब्द कसा रुजला? दिला तर लोक घेतात.

माजी ग्रामसेवक: रुजला तो शाळेपुरता. १९६२ला जिल्हा परिषद आली तरी आई 'जनपदची शाळा'च म्हणायची. पण जनपद तहसीलवार असूनही तहसिलीला जनपद म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही.

शब्दवेडा: शाळेपुरता का होईना, रुजला ना?

वर्धेकर: मुकादम तसाच ठेवतो, खाली खुलासा देतो. सर्कलचं मात्र अजून ठरत नाहीये.

पूर्णाकाठ: बोर्डावर व्यापाऱ्यांचेही प्रतिनिधी असत, शिवाय सरकारनं नेमलेले. त्यांना गावांचं सर्कल नव्हतं. त्यांच्यासाठी काय लिहिलंय तुम्ही? 'नामनिर्देशित' नको, साधं 'नेमलेले' लिहा.

शब्दवेडा: नामनिर्देशितला काय झालं?