कथा नीट वाचून तोंडावर बोलणारं माणूस पुण्यात कुठे मिळेल?

कोथरूडचा_कथेकरी
नमस्कार मंडळी. मी आयटीत, रोज हिंजवडीची वारी, आणि रात्री कथा लिहितो. फेसबुकवर टाकतो तेव्हा 'भन्नाट', 'डोळ्यांत पाणी आलं' वगैरे येतं, बरं वाटतं, पण कळत काहीच नाही. माझी कथा मध्यावर ढेपाळते एवढं मला जाणवतं, का ते सापडत नाही. एक वीकेंडची कार्यशाळा केली, तिथे सर्टिफिकेट मिळालं, ग्रुप फोटो झाला, कथा मात्र कुणी वाचली नाही. एका नावाजलेल्या लेखकांना मेसेज टाकला तर उत्तरच नाही. मेंटॉर कसा शोधायचा? पैसे देतात का? आणि अनोळखी माणसाला विचारायचं तरी कसं?

पेठेतली_काकू
अरे नावाजलेला लेखक आधी डोक्यातून काढ. स्वतः उत्तम लिहिणाऱ्याला दुसऱ्याचं लिखाण उघडून बघता येतंच असं नाही, आणि ज्याला येतं तोही नकळत तुला स्वतःसारखं लिहायला लावतो. तुला संपादकाची नजर असलेलं माणूस हवंय. 'सत्यकथा' मासिक १९८२ला बंद पडलं पण त्याचे संपादक राम पटवर्धन, त्यांचं नाव जुने लेखक अजून काढतात ते यासाठीच, कथा साभार परत यायची तीसुद्धा काय खटकलं ते कळवून, मग लेखक पुन्हा लिहायला बसायचा. तसं वाचणारे आजही आहेत, कुणी निवृत्त मराठीचे प्राध्यापक, कुणी दिवाळी अंकाचं काम बघणारे. फक्त वेळ बघून जा. दिवाळीच्या आधीचे दोन-तीन महिने ही मंडळी प्रुफांत बुडालेली असतात, तेव्हा कथा पाठवलीस तर तुझं तेच होणार जे त्या लेखकांकडे झालं. दिवाळी उरकू दे.

रविवार_सकाळ
काकूंचं पटतंय पण अर्धंच. गुरू शोधत बसण्यापेक्षा चार बरोबरीचे लिहिणारे गाठ ना. रविकिरण मंडळ काय होतं, १९२३ साली याच पुण्यात कवी एकत्र जमून एकमेकांच्या कविता वाचत होते, त्यात माधव जूलियन होते, यशवंत होते, गिरीश होते. आम्ही काही जण कर्वेनगरात एकाच्या गच्चीवर जमतो, नियम एकच, लेखकाने आपली कथा चालू असताना तोंड उघडायचं नाही. सुरुवातीला फार जड जातं 😅

पेठेतली_काकू
@रविवार_सकाळ बरोबरीचे लोक महिन्याभरात मित्र होतात हो, आणि मित्र झाले की बोलणं मऊ होतं. दोन्ही हवं असं म्हणू फार तर.

नुसती_वाचक
फीबद्दल कुणी बोललंच नाही. मी एका बाईंना देते आणि मला त्यात काही गैर वाटत नाही, त्या प्रत्येक पानावर समासात लिहून देतात. पण पैसे द्यायच्या आधी दोन पानं वाचायला दे आणि काय म्हणतात ते ऐक. 'भाषा ओघवती आहे, वाचन वाढवा' असं म्हणाले तर चहा पिऊन घरी जा. 'हा मामा चौथ्या पानावर कशाला आला, नसता तर काय बिघडलं असतं' असं विचारलं तर सोडू नकोस. आणि दुसऱ्याच भेटीत जो तुझ्याच खर्चाने पुस्तक काढू म्हणतो तो मेंटॉर नाही, त्याला प्रती खपवायच्यात.

कोथरूडचा_कथेकरी
बापरे, माझ्या कथेत खरंच एक मामा आहे 😂 पण माणसं भेटतात कुठे ते राहिलंच की.

पेठेतली_काकू
टिळक रोडला साहित्य परिषदेत कार्यक्रम असतात, पुस्तक प्रकाशनं असतात, जात जा. स्टेजवरच्यांच्या मागे लागू नकोस, कार्यक्रम संपल्यावर जिन्यात उभं राहून त्याच पुस्तकाची चिरफाड करणारे असतात ना, त्यांच्याशी बोल. लगेच बाड काढून हातात देऊ नकोस, पहिल्यांदा नुसतं त्यांनी काय वाचलंय ते विचार. मग एकच कथा, छापील, मोठ्या टाइपात (यांचे चष्मे जाड असतात), आणि सोबत एक नेमका प्रश्न. 'कशी वाटली' नको. 'मध्यावर ढिली का पडते' हे विचार.

रविवार_सकाळ
आणि नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नको. येत्या रविवारी गच्चीवर ये, मेसेज कर, पत्ता देतो. कथेच्या सहा प्रती आण, मामासकट.