रेकी घेतलीत? त्या तासाभरात काय झालं ते सांगा: कोकणकरांचा अनुभव धागा

मी रत्नागिरीची, निवृत्त परिचारिका. हल्ली जिल्ह्यात रेकीच्या पाट्या बऱ्याच दिसतात आणि आळीतल्या बायका मला गाठून विचारतात: ताई, तिथे नेमकं करतात काय? दुखतं का? कपडे काढावे लागतात का? अंगात येतं का? या प्रश्नांत लाजण्यासारखं काही नाही. ज्यांनी घेतली आहे त्यांनीच उत्तरं द्यावीत, म्हणून हा धागा.

मला माहीत आहे ते आधी सांगते. रेकी म्हणजे अंगावर हात ठेवून किंवा वर धरून ऊर्जा देतात असं मानणारी उपचारपद्धत. ती जपानची. मिकाओ उसुई यांनी क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास केला, तिथे त्यांना ही विद्या लाभली आणि १९२२ पासून त्यांनी ती शिकवली, असं परंपरा सांगते. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी नौदलातले निवृत्त अधिकारी. हात ठेवायच्या जागांना शिस्त त्यांनी लावली. त्यांच्याकडून हवाईतल्या हावायो ताकाता शिकल्या आणि त्यांच्यामुळे ती जपानबाहेर पसरली. तेव्हा 'आपल्या ऋषिमुनींची पाच हजार वर्षांची विद्या' असं कुणी सांगितलं, तर ती शंभर वर्षांची आहे एवढं लक्षात असू द्या. सात चक्रांची मांडणीही तिला नंतर जोडली गेली.

लिहायचं ते झालं तसंच लिहा. काहीच जाणवलं नसेल तर ते तर नक्की लिहा, कारण तेच फार कमी ऐकायला मिळतं. देणाऱ्याचं नाव आणि फोन मात्र नको.

दापोली, शिक्षिका

मी मानदुखीसाठी गेले. पेपर तपासून तपासून मान धरली होती, फिजिओथेरपी चालू होतीच. मनात धाकधूक होती. खोलीत पंखा, चटई, उदबत्ती आणि एक पातळ चादर. ताईंनी आधी कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं, मग 'हात टेकवले तर चालतील की वरच धरू?' असंही विचारलं. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. कपडे अंगावरच होते, फक्त चष्मा, घड्याळ आणि मंगळसूत्र काढून ठेवलं.

उताणं झोपल्यावर डोळ्यांवर हात, मग कानांवर, डोक्याखाली, गळ्यापाशी, छातीच्या वर, पोटावर. नंतर पालथं झोपवून पाठीवर. एकेका जागी तीन-चार मिनिटं. चोळणं नाही, दाबणं नाही, तेल नाही. डोक्याखाली हात होते तेव्हा ऊब जाणवली आणि पोटात इतकं गुरगुरलं की मला ओशाळल्यासारखं झालं. ताई म्हणाल्या, बऱ्याच जणांचं होतं, शरीर सैलावलं की आतडी बोलतात. पुढचं अर्धं मला आठवत नाही, झोप लागली होती. उठल्यावर मान मोकळी वाटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत धरली.

मालवण, मासेमारी

बायलेन सांगल्यान म्हणान गेलंय. गुडघ्यासाठी. तासभर पडान रवलंय. माका काय एक जाणवला नाय, गरम नाय, थंड नाय, मुंग्ये नाय. हातांची ऊब बरी वाटली इतक्याच. गुडघो होतो तसोच आसा. पण त्या माणसान सरळ सांगल्यान, "एक्सरे काढून हाडांच्या डॉक्टराक दाखवा, ह्या त्याच्या जाग्यार नाय." ता माका पटला. पैसे फुकट गेले असा मी म्हणूचंय नाय.

चिपळूण, कापडाचं दुकान

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं ती रात्र आम्ही वरच्या माळ्यावर काढली. खाली दुकानातला माल पाण्यात, दिवे नाहीत, फोन नाहीत. जीव वाचला, माल गेला, हे सगळं उभ्या चिपळूणचंच आहे, माझं वेगळं काही नाही. पण त्यानंतर मला पावसाळ्यात झोप लागेना. पत्र्यावर सर वाजली की उठून जिन्यापर्यंत जाऊन खाली बघायचं. यजमान म्हणत, "अगं, नदी कुठे आहे आणि आपण कुठे." कळत होतं, वळत नव्हतं.

जावेने रेकीला नेलं. पहिल्या वेळी त्या बाईंनी छातीच्या वर हात ठेवला आणि मला रडू फुटलं. का ते सांगता येणार नाही. त्यांनी हात काढला नाही, काही विचारलं नाही, 'रडू नका' म्हणाल्या नाहीत. घरात सगळे मला समजावत होते, आणि इथे पहिल्यांदाच कुणी न समजावता जवळ बसलं होतं. त्या रात्री सलग झोपले.

पुढे दर आठवड्याला जात राहिले. दरवेळी तसं झालं नाही. कधी नुसती ग्लानी, कधी हातापायाला मुंग्या, कधी डोक्यात दुकानाचे हिशोबच चालू. नंतर भाचीने आग्रह धरला म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडेही गेले. त्यांनी त्या भीतीला नाव दिलं, थोडी औषधं दिली, बोलतं केलं. अजून सर आली की जाग येते, पण जिन्यापर्यंत जात नाही. यातलं रेकीमुळे किती आणि औषधामुळे किती, ते वेगळं काढता येत नाही. मला दोन्ही हवं होतं. एकीकडे रडता आलं म्हणूनच दुसरीकडे बोलता आलं, असं मला वाटतं. माझ्यासारखी झोप उडालेल्या कुणी हे वाचत असतील तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका, आणि मन हलकं करायला अशी एखादी जागा मिळाली तर तीही सोडू नका.

सावंतवाडी, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक

कुणाचा अनुभव मी खोडणार नाही. रडू आलं, झोप लागली, हे खरंच आहे. प्रश्न इतकाच की हातातून काही ऊर्जा जाते का. आजवर कुठल्याही उपकरणाने ती मोजलेली नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एमिली रोझा या शाळकरी मुलीचा प्रयोग तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तो रेकीच्याच जवळच्या 'थेरप्युटिक टच' या उपचाराबद्दल होता. पडद्याआडून तिचा हात आपल्या कुठल्या हातावर आहे हे २१ उपचारकांनी ओळखायचं होतं. बरोबर उत्तरं ४४ टक्के आली, नाणं उडवलं असतं तर याहून बरी आली असती. २०१५ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) चिंता आणि नैराश्यावरच्या रेकीचे अभ्यास तपासले आणि उपयोग होतो की नाही हे सांगण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला.

पण तासभर शांत पडून राहायचं, कुणीतरी पूर्ण लक्ष देऊन जवळ बसायचं, याचा शरीरावर परिणाम होतो. त्यासाठी वैश्विक ऊर्जा मानायची गरज नाही. चिपळूणच्या ताईंनी लिहिलंय ते मला यामुळेच पूर्ण पटतं.

देवगड, आंबा बागायतदार, रेकी देतो

देणाऱ्याच्या बाजूने लिहितो. फर्स्ट डिग्रीला दोन दिवसांचा वर्ग असतो. त्यात मास्टर, म्हणजे शिकवणारे, शक्तिपात (शिष्यात ऊर्जा उतरवण्याचा विधी) देतात आणि पुढे २१ दिवस रोज स्वतःवर हात ठेवायला सांगतात. सेकंड डिग्रीत चिन्हं शिकवतात. माझे हात देताना गरम होतात, हे घेणाऱ्यांनाही जाणवतं. सरांनी लिहिलेलं मी वाचलं, माझ्याकडे त्याला उत्तर नाही. मी ऊर्जा मानतो, पण रोग बरा करतो असं कधी म्हणत नाही. उसुईंच्या पाच तत्त्वांतली पहिली दोन, आजच्या दिवसापुरता रागवू नकोस, आजच्या दिवसापुरती चिंता करू नकोस. मोहोरावर तुडतुडा पडलेला असताना ती पाळणं किती कठीण जातं, ते बागवाल्यांना विचारा. तरी रोज सकाळी म्हणतो. कलमांच्या हंगामात कुणाला वेळ देत नाही, पावसाळ्यात देतो आणि गाववाल्यांकडून पैसे घेत नाही.

अलिबाग, बँकेतून निवृत्त

पत्नीची किमो चालू असताना तिने रेकी घेतली. आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, औषध थांबत नसेल, पोटात काही घ्यायचं नसेल, तर हरकत नाही, पोर्ट (औषध सोडायला त्वचेखाली बसवतात ते साधन) बसवलाय तिथे दाब नको. गाठीवर परिणाम व्हावा अशी आमची अपेक्षा नव्हती. पण रुग्णालयात प्रत्येक स्पर्शाबरोबर सुई यायची. सुईविना कुणी हात लावतं याचंच तिला अप्रूप होतं. मळमळ कमी झाली नाही, किमोच्या आदल्या दिवशीची धास्ती मात्र कमी झाली.

वेंगुर्ला

मी दूररेकी घेतली. फोटो पाठवला, ठरल्या वेळी पडून राहिले. काहीच जाणवलं नाही. समोर माणूस नसेल तर मला तरी त्यात राम वाटत नाही.

गुहागर, गृहिणी

थायरॉइडची गोळी रोज घेते. एका ठिकाणी पहिल्याच भेटीत मला सांगण्यात आलं की 'या गोळ्यांनी प्रवाह अडतो, तीन महिने बंद करा, नाहीतर गुण येणार नाही.' शिवाय वीस सत्रांचे पैसे आगाऊ मागितले. मी उठून आले. गोळी एक दिवसही चुकवली नाही. बायांनो, असं कुणी म्हणालं तर भिडेखातर बसून राहू नका. 'प्रवाह अडतो' हे ऐकून घाबरतात त्या आपल्यातल्याच, घरात विचारायला कुणी नसणाऱ्या.

मुरूड-जंजिरा

बाबांना न्यायचं आहे. वय ऐंशीच्या आसपास, रक्तदाब आहे, उताणं झोपलं की धाप लागते. नेऊ का?

दापोली, शिक्षिका

धाप लागते हे आधी डॉक्टरांना सांगा, त्याची तपासणी झाल्याशिवाय नेऊ नका. डॉक्टर हो म्हणाले तर खुर्चीत बसूनही देतात, तसं आधीच सांगून ठेवा. भरल्या पोटी नेऊ नका, सुती सैल कपडे घाला, चालू असलेल्या गोळ्या वेळेवर द्या आणि तुम्ही स्वतः खोलीत थांबा. थांबू देत नसतील तर बाबांना घेऊन परत या.